यूनुसचं रक्त, नासिरचं नाव

कोकणातल्या माणसाला ऊन बाधत नाही, असा शोध लागलाय. पेपरात आलंय, फोटोसकट. गल्फमधून परतलेल्या आपल्याकडच्या पुरुषांचं रक्त तपासलं आणि वर्षानुवर्षं उघड्यावर राबूनही बहुतेकांच्या किडन्या ठणठणीत निघाल्या. लहानपणापासून दमट हवेची सवय असते, त्यामुळे असेल, असंही खाली लिहिलंय. वाचून माझं डोकंच फिरलं.

कारण त्या ठणठणीत किडन्यांपैकी दोन माझ्या दिराच्या आहेत. यूनुसचं रामवाडीला चिकनचं दुकान आहे. गल्फ सोडा, कामासाठी तो कधी वडखळच्या पुढे गेलेला नाही. पेणला तपासणीचं शिबिर लागलं तेव्हा गल्फमध्ये राबून आलेल्या माझ्या नवऱ्याच्या, नासिरच्या नावावर तोच जाऊन रक्त देऊन आला. नासिर घरी पंख्याखाली पडून होता.

ऐकणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल, पण आमच्यात तो कोणालाच वाटला नाही. आमच्याकडे पोरगा बाहेर निघाला की आधी मेडिकल. तिथे ‘अनफिट’ शिक्का बसला की व्हिसा गेला, आणि तो शब्द मग अख्ख्या घराला चिकटतो. त्यामुळे आमच्या पुरुषांना तपासणी म्हणजे पास व्हायची परीक्षा एवढंच ठाऊक. कोणी रक्त मागितलं की चांगलं रक्त द्यायचं. याचा व्हिसाशी संबंध नाही, घाबरू नका, असं शिबिरवाले घसा फोडून सांगत होते. घाबरू नका म्हटलं की आमचा माणूस आधी घाबरतो. ज्यांचं बरं होतं ते मिरवत गेले. ज्यांचं बिघडलं होतं त्यांनी भाऊ पाठवले, नाहीतर गेलेच नाहीत.

नासिरची किडनी निम्म्याहून जास्त गेलीय. डॉक्टरने मला समोर बसवून सांगितलंय, पायात पाणी साचून सूज येते ती त्यामुळेच. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, असं नासिरचं म्हणणं. आमच्या पोरीचा, सिदराचा निकाह होईपर्यंत पोरांच्याही कानावर जायला नको. पोरांना सांगितलंय, बीपीच्या गोळ्या आहेत. आणि आता आमचा पोरगा फहाद कतारला निघालाय, स्कॅफोल्डिंगला, म्हणजे इमारतींना परांच्या बांधायला. बापाचंच काम, बापाचंच ऊन. मी नको म्हणाले तर त्याने तो पेपर माझ्या नाकासमोर धरला.

“अम्मी, वाच. संशोधन हाय. तू उगाच जीव काढतेस.”

नासिर तिथेच बसला होता. त्याने मानसुद्धा वर केली नाही. मला त्या शिकलेल्या लोकांचा राग होताच, पण नवऱ्याचा आला तेवढा कोणाचाच आला नाही.

त्याच संशोधनावर रोह्याला एका हॉलमध्ये भाषण होतं. ज्यांनी रक्त दिलं त्यांना घरच्यांसकट बोलावलं होतं, वर नाश्ता. यूनुसने नासिरला, फहादला आणि मला टेम्पोत घातलं. गडब गेलं, नागोठणं गेलं, रस्त्याने हाडं खिळखिळी केली, पण मी तोंड उघडलं नाही. यूनुसला वाटलं, भाभीला गाडी लागलीय.

भाषण करणारी सुरभी मॅडम रोह्याचीच, माझ्या सिदराहून जरा मोठी असेल. गोड बोलत होती, त्यानेच मला जास्त झोंबलं. “आपल्या समाजासाठी ही दिलासा देणारी गोष्ट आहे,” ती म्हणाली आणि पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या कितीतरी जणांच्या बायका डॉक्टरकडच्या बाकड्यावर माझ्या शेजारी बसतात. मला टाळ्या ऐकवेनात. मी उभी राहिले.

“काय गो बाय, ते रक्त कोणाचं होतं ते इचारलंस काय?”

नासिरने माझा हात ओढला. “खाली बस. मॅडम, तुमी बोला, हिचं डोकं ठिकाणावर नाय.”

“माझ्या नवऱ्याच्या नावावर माझ्या दिराचं रक्त हाय तुझ्याकडं. कोंबड्या कापतो तो. त्याला कुठलं ऊन बाधनार? शिकून काय दिवे लावलेस?”

तिला एवढं बोलायला नको होतं, पण माझी जीभ सुटली की सुटली. पोरगी पांढरीफटक पडली. मग तिने माईक खाली ठेवला.

“काकी, तुम्ही जे दिलंत तेच मी तपासलं. मी दारोदार फिरून हात जोडले होते. घरात कोण आजारी आहे ते एकाही घराने सांगितलं नाही. तुम्ही तरी सांगितलंत?”

ते मला वर्मी लागलं. मी मागे बघितलं. एकीने तरी उठावं, म्हणावं की माझ्या घरीही हेच आहे. सगळ्या जणी खाली बघत बसल्या. त्यांचा मला इतका संताप आला की रडू फुटेल असं वाटलं.

फहाद मात्र उठला. “चाचा, खरं हाय काय?”

“तुझा बापूसच बोलला, जा म्हनून,” यूनुस पुटपुटला. “मी काय करू?”

“खोटं हाय!” नासिर ओरडला. “बीपी हाय मला, दुसरं काय नाय. पोराचं नशीब फोडायला निघालीय ही बाई!”

पोरगा एकदा माझ्याकडे, एकदा बापाकडे बघत राहिला. खरं कोणाचं ते त्याला कळेना. मी खाली बसले आणि भर हॉलमध्ये नासिरच्या बुटाची नाडी सोडली. तो पाय मागे घेऊ लागला, पण सुजलेला पाय चटकन हलेना. मी मोजा खेचून काढला. फहादला खाली ओढलं, त्याचा अंगठा धरला आणि बापाच्या नडगीवर जोरात दाबला.

अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. सुरभी मॅडम जवळ येऊन वाकून बघत होती. फहादने दुसऱ्या पायाचा मोजा खाली सरकवून स्वतःच दाबून पाहिलं. तिथेही तेच.

नासिरचा आवाज पार उतरला. पोराच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, “माझं जाऊ दे, माझं झालं. तू फिट हायस. तू जा.”

फहादने बापाचा मोजा उचलला आणि तो हळूहळू त्याच्या पायात परत चढवू लागला.

“अब्बा,” तो म्हणाला, “तुमी गेलात तेव्हा तुमी पन फिटच होतात.”