चटईवर हात ठेवून दिलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. खरे सांगायचे तर अर्धीच. उरलेली अर्धी कुठे गेली, ते ओघाने येईलच.

रनाळे गावाच्या पुढे काळ्या रानात एक लहानसे गाव आहे. गावाच्या खालच्या अंगाला मोठे पाणथळ होते. गावकरी त्याला डाबर म्हणत. माझा जन्म तिथला. कमरेइतक्या पाण्यात आम्ही लव्हाळी उभी असायचो. आमच्या बुडाशी मासे अंडी घालत, पाणकोंबड्या पिल्ले वाढवत, हिवाळ्यात दूरदेशीची बदके उतरत आणि सारसांची एक जोडी तर तिथेच घर करून राहिली होती. पावसाचे गढूळ पाणी आमच्या मुळांत येऊन थांबे, गाळ खाली टाके आणि निवळ होऊन हळूहळू जमिनीत मुरे. ते पुढे कुठे जाते, याचा विचार आम्ही कधी केला नाही. गावानेही केला नाही.

भिकुबाई नावाची एक विधवा लव्हाळ्याच्या चटया विणून पोट भरायची. पिल्ले उडून गेल्याशिवाय कापायचे नाही आणि मूळ उपटायचे नाही, ही तिच्या सासूने लावलेली शिस्त. म्हणून ती दिवाळीनंतरच विळा घेऊन पाण्यात उतरे. तिने मला सावलीत वाळवले, विणले आणि पंचांना बसायला दिले.

त्या गावाची एक रीत होती. माझ्यावर तळहात ठेवून दिलेला शब्द मागे घ्यायचा नाही. कागद नाही, अंगठा नाही, माझी वीण हीच साक्ष. कितीतरी सोयरिकी माझ्यावर ठरल्या, बांधांची भांडणे माझ्यावर मिटली. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. तो माझ्यावर बसतो, याची मला भारी ऐट होती.

साल असेल छप्पन्न. जास्त पिकवा, असे तेव्हा सगळीकडेच बोलले जात होते. गावचे पितांबर पाटील पंचांपुढे म्हणाले की, एवढी सोन्यासारखी जमीन पाण्याखाली कुजते आहे. नाल्यापर्यंत चर खणू, डाबर रिकामा करू आणि ती जमीन भूमिहीन घरांना वाटून देऊ. पाटील लबाड नव्हते. त्यांना स्वतःला त्यातला एक तुकडाही नको होता. भिकुबाईचा मुलगा सुकलाल लोकांच्या शेतात राबायचा. त्याचेही नाव निघाले. इतरांसारखाच भिकुबाईनेही माझ्यावर हात ठेवला. ज्या लव्हाळ्यातून मी आले, त्याला संपवण्याचा शब्द माझ्यावरच दिला गेला, आणि मी मुकाट पडून राहिले.

फाल्गुनात चर खणला. पाणी नाल्याला गेले, चिखलात मासे तडफडले आणि मुलांनी टोपल्या भरून नेल्या. सारस काही दिवस कोरड्या तळावर फिरले, मग दिसेनासे झाले. सुरुवातीला कापूस मात्र असा आला की पाहत राहावे. सुकलालने घराला नवी भिंत घातली, त्याचे लग्न झाले आणि मीनाबाई सून म्हणून आली.

मग गावची विहीर खाली जाऊ लागली. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. गावाने होती तीच विहीर पुन्हा खणली आणि खडकाला पहार लागली. आत उतरलेल्यांनी पाहिले, डाबराकडचा झराच आटला होता. आमच्या मुळांत मुरलेले पाणी आजवर कुठे जात होते, ते सगळ्यांना एकाच वेळी उमगले.

चर बुजवावा, असे प्रत्येकाच्या मनात आले. पण शब्द दिला होता. पाटील म्हणत, तो आज मोडला तर उद्या कोणाच्या शब्दावर मुलगी द्यायची? तुकडेवालेही तेच म्हणत. आपल्या खरेपणापायी गाव तहानेने तडफडत राहिले आणि बाया लांबच्या नाल्याच्या वाळूत पाण्यासाठी झिरे उकरू लागल्या. एका वैशाखात दिवस गेलेली मीनाबाई दोन घागरी घेऊन चढणीवर पडली. ती वाचली. पोटातले बाळ वाचले नाही.

पुढच्या बैठकीत भिकुबाई सरळ पुढे आली आणि माझ्या कडेला बसली.

"पाटील, शबद चटईवर शे ना?"

पाटलांनी मान डोलावली.

"मंग चटईच नही ऱ्हायनी तर शबद कोठे ऱ्हाई?"

आणि तिने माझी कड धरून वीण उसवायला सुरुवात केली. सुकलाल घाबरून उठला. "माय, हाई काय करी ऱ्हायनी?"

"मी इनेल शे, मीच उसवसू. आते गावले नवी चटई लागी. लव्हाळं कोठून आनसूत?"

मला वेदना झाल्या, खोटे कशाला बोलू. पण तिने थांबू नये असेच मला वाटत होते. मी अर्धी उरले तेव्हा पाटलांनी तिचा हात धरला आणि ते पुरे म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. सुकलालने कुदळ उचलली आणि तो चराकडे चालू लागला. त्याचा तुकडा सगळ्यांत खोलगट, पहिल्यांदा तोच बुडणार होता. बाकीचे एकेक करून त्याच्यामागे गेले.

डाबर मोडायला एक महिना पुरला होता, भरायला कितीतरी पावसाळे लागले. विहिरीला पाणी आले. बगळे आले, बदके आली. सारसांची जोडी पुन्हा आली नाही. सुकलाल परत लोकांच्या शेतात राबू लागला. भिकुबाई नवी लव्हाळी कापण्याआधीच गेली. पंचांची नवी चटई मीनाबाईने विणली.

मी आता तिच्या घरात पाण्याच्या माठाखाली असते. नव्या चटईवर जमिनीची गोष्ट निघाली की मीनाबाई आधी एकच विचारते, "आठलं पानी मंग कोठे जाई?" इथले पाणी मग कुठे जाईल, हे कळेपर्यंत कोणी हात ठेवत नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावाबाहेर असे एखादे चिखलाचे, निरुपयोगी वाटणारे पाणथळ असेल. ते बुजवायला किंवा सुकवायला निघालेली माणसे वाईटच असतील असे नाही. आमचे पाटीलही भले होते. तुम्ही फक्त मीनाबाईचा प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत आपला हात चटईपासून वरच ठेवा.