सान मिगेलचे तीन बाण

सान मिगेलच्या जत्रेत दोन वर्षं शोभेच्या दारूचा एकही बाण उडाला नव्हता. मिचोआकानच्या डोंगरात बाणांशिवाय जत्रा म्हणजे मिठाशिवाय कालवण, पण गावाने ते मुकाट्याने गिळलं. अ‍ॅव्होकाडोच्या बागांवर खंडणी मागणाऱ्या टोळीने ड्रोनमधून बॉम्ब टाकायला सुरुवात केली, तेव्हाच गावसभेत ठरलं होतं. टेकडीवरून लागोपाठ तीन बाण फुटले की ड्रोन आला समजायचं, हातातलं टाकून चर्चच्या दगडी छपराखाली पळायचं. दुसऱ्या कशासाठीही बाण उडवायचा नाही. या नियमाने गाव दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा बाण उडवणारी होती फिदेन्सिया.

यंदा तिचा धाकटा भाऊ नाझारिओ, गावच्या पहाऱ्याचा म्होरक्या, शहरातून एक पेटी घेऊन आला. ड्रोन आणि त्याला उडवणारा यांच्यात हवेतून जे बोलणं चालतं, ते या पेटीला म्हणे ऐकू येतं. आलं ऐकू, की लाल दिवा आणि चौकात भोंगा. नाहीतर हिरवा. लग्नाचे फोटो काढणाऱ्याचा ड्रोन उडवून बघितला, तर भोंग्याने गाव डोक्यावर घेतलं. झाली शितावरून भाताची परीक्षा!

"आता बाण जत्रेला मोकळे," नाझारिओने सभेत सांगून टाकलं.

"आणि पेटी चुकली तर रे?"

"ताई, पेटीला झोप येत नाही की जांभई येत नाही. तुला पहाऱ्यावर घोरताना मी या डोळ्यांनी बघितलंय."

सभा खदखदून हसली. फिदेन्सियाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तेवढ्यात शेजारी बसलेली तिची मुलगी ओतिलिया कुजबुजली, "आई, एकदा तरी खरी जत्रा होऊ दे ना गं." फिदेन्सियाने होकाराचा हात वर केला. लेकीपुढे कुणाचं शहाणपण चालतं?

जत्रेच्या दुपारी ती टेकडीवर पेटीशेजारी बसली. सवयीने बाण मात्र बरोबर घेतले होते. खाली चौकात बँड तापला होता, मक्याच्या पिठाच्या वाफाळत्या कोरुंदांची पातेली उघडली होती, आणि निळी शाल पांघरलेली ओतिलिया नाचणाऱ्यांच्या रिंगणात होती. बाणांवर बाण फुटत होते. आधी प्रत्येक आवाजाला फिदेन्सियाच्या छातीत धस्स व्हायचं. मग तेही अंगवळणी पडलं.

बागांच्या शेंड्यांना लागून काहीतरी काळं सरकताना दिसलं. त्याच्या मागे उन्हात चमकणारी बारीक तार लोंबत होती, कोळ्याच्या धाग्याइतकी. तिने पेटीकडे पाहिलं. हिरवा. पेटी हलवली, थापटली. हिरवाच. तारेतून चाललेलं बोलणं त्या पेटीला कुठून ऐकू येणार? टोळीतही डोकी होती.

तिने वायरलेस तोंडाशी धरला. "नाझारिओ! ड्रोन आलाय! बागांवरून येतोय!"

"काय?" मागे बँड कोकलत होता. "पेटी काय म्हणते?"

"पेटी मेली हिरवीच आहे, पण मी बघतेय ना!"

"हिरवी आहे ना? मग झालं तर! गिधाड असेल गं, ताई. म्हातारी झालीस तू."

तिने वायरलेस टाकला. एकामागून एक तीन वाती पेटवल्या. तिन्ही बाण सरळ वर गेले आणि गावाच्या डोक्यावर फुटले.

चौकातल्या माना वर झाल्या. क्षणभर तिला वाटलं, आता पळतील. मग टाळ्यांचा कडकडाट टेकडीपर्यंत आला. रिंगणातली निळी शाल वर उचलली गेली आणि टेकडीच्या दिशेने हलू लागली. ओतिलिया आईला हात करत होती.

"पळ गं!" फिदेन्सिया किंचाळत उतारावरून धावली. काळा ठिपका चर्चच्या भिंतीवरून आत वळला होता.

मागे गवतात पडलेल्या वायरलेसमधून नाझारिओ हसत होता, "वा ताई! विरघळलीस की शेवटी! आणखी एक होऊन जाऊ दे!"