ओत्सूची सुटकेस कोबेला

स्वस्थ पडून राहणं मला कधी जमलंच नाही, मित्रांनो. आताही मला कपाटावर चढवून ठेवलंय. अंगावर दोन रजया आहेत आणि एक बंद पडलेला टेबलफॅन. तरी समोरच्या पुलावरून कोलकात्यातल्या आमच्या बेहालाची मेट्रो धडधडत गेली, की माझी चाकं शिवशिवतात. वाटतं, उडी मारावी आणि जिना उतरून निघावं. कुठे? कुठेही! मी एक जुनी मोरपंखी सुटकेस आहे आणि माझं सगळं आयुष्य या "कुठेही"त गेलंय.

माझा जन्म नाशिकजवळच्या एका कारखान्यात झाला. तापवलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबलं आणि माझे दोन शिंपले तयार झाले. मग बिजागऱ्या बसल्या, कुलुपं बसली, पोटात गुलाबी अस्तर लागलं. दोन चाकं लागली तेव्हा मला इतका आनंद झाला, की तपासणाऱ्या बाईंनी सोडताच मी उतारावरून एकटीच निघाले. त्यांनी मला धावत येऊन पकडलं. हा स्वभाव तेव्हापासूनचा.

नागपूरच्या एका दुकानातून वृंदाच्या वडिलांनी मला तिच्या लग्नासाठी घेतलं. वृंदाचं लग्न हेमंतशी झालं. हेमंत तेलकंपनीत होता आणि तेलकंपनी म्हणजे बदल्या. आधी विशाखापट्टणम, मग भोपाळ, मग कोलकाता. दर प्रवासात माझ्या अंगावर एक लेबल चिकटायचं, कधी रेल्वेपार्सलचं, कधी विमानाचं. दोन वर्षांपूर्वी हेमंत कोलकात्याजवळच्या बजबजच्या तेलडेपोतून महिनाभराच्या प्रशिक्षणाला जपानला गेला. तिथल्या विमानतळावरून त्याने मला कुरियरने पुढे पाठवलं, थेट कोबे नावाच्या शहरातल्या वसतिगृहात. त्या कुरियरची चिठ्ठी त्याने माझ्या पाठीवर तशीच राहू दिली. मी तर काय, मिरवतच परत आले. शेजारच्या काळ्या बॅगेच्या पाठीवर होतं का जपानी अक्षर? नव्हतं.

हेमंतची मुलगी वैदेही. पंधरा वर्षांची, दहावीला आणि तोंड एक मिनिट बंद नाही. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर बंगाली, आणि घाई झाली की तिन्ही एकदम. ती एकदा माझी पाठ पुसत होती. ही जुनी लेबलं काढून टाकूया, असं ती म्हणाली. तिने कोबेच्या चिठ्ठीचा कोपरा नखाने उचललाही होता. तेवढ्यात हेमंत म्हणाला, "राहू दे गं. आपण कुठे कुठे राहिलो ते एवढ्यावरच तर लिहिलंय." तिने हात मागे घेतला. मला केवढं हायसं वाटलं! तेव्हा मला काय माहीत, की माझी ही मिजासच पुढे तिला भोवणार आहे.

झालं असं, की कोलकात्यातल्या मराठी मंडळाच्या लेझीमच्या चमूला जपानहून बोलावणं आलं. ओत्सू नावाचं एक तळ्याकाठचं शहर आहे, तिथे मुलांचा महोत्सव होता. आठ मुली जाणार आणि त्यांच्याबरोबर श्यामकाका आणि मीनाकाकू. हे दोघं नवराबायको. श्यामकाका बँकेतून निवृत्त होऊन इथेच राहिलेले, आणि काकू मुलींना लेझीम शिकवणाऱ्या. पहिला दिवस आणि रात्र ओसाका शहरात काढायची आणि दुसऱ्या दिवशी ओत्सूच्या युवा निवासात जायचं, असा बेत ठरला. प्रश्न एकच होता. दहा मोठ्या बॅगा घेऊन दिवसभर शहर कसं बघणार? तिथल्या आगगाड्यांत एवढं सामान ठेवायला जागाही नसते, हे हेमंतने सांगून ठेवलं होतं.

वैदेही म्हणाली, सामान विमानतळावरूनच पुढे पाठवू, मी बघते सगळं. आणि खरंच तिने बघितलं. युवा निवासाला मेल केला. आम्ही पोचायच्या आधी सामान आलं तर घ्याल का, चिठ्ठीवर कुणाचं नाव लिहायचं, किती वाजेपर्यंत तुमच्याकडे माणूस असतो, सगळं विचारलं. उत्तर आलं, की हो, पण चिठ्ठीवर गटाचं नाव, येण्याची तारीख आणि एकूण बॅगा किती हे लिहा. तिने एक वही केली. दर बॅगेला क्रमांक दिला आणि पुढून-मागून फोटो काढले. मला क्रमांक मिळाला दहा. माझ्या पोटात सगळ्यांत मोलाचं सामान जाणार होतं, आठ नऊवारी आणि आठ लेझिमी. लेझिमी वाकू नयेत म्हणून कडक पाठीची सुटकेस हवी होती, आणि तशी फक्त मी होते. वर्षभर रजयांखाली दबलेल्या मला खाली उतरवलं गेलं. चाकांना तेल मिळालं!

श्यामकाकांना मात्र हे पटेना. सामान आपल्या हातात असावं, परक्या देशात परक्याच्या हाती कशाला द्यायचं, असं ते दर सभेत म्हणत. शेवटच्या सभेत तर त्यांनी मतदान घ्यायची भाषा केली. तेव्हा वैदेही उठून उभी राहिली.

"काका, एक जरी बॅग आली नाही ना, तर मी लेझीम धरणार नाही. बाजूला उभी राहून टाळ्या वाजवीन."

ती चमूत सगळ्यांत पुढे असायची. तिची मैत्रीण नूपुर हळूच म्हणाली, "मग आम्ही सात जणी काय डुगूडुगू करणार का?" सगळे हसले, आणि ठराव पास झाला.

निघायच्या आदल्या दिवशी वृंदाने माझ्यासाठी खोळ शिवली. जुन्या सोलापुरी चादरीची, नाडी लावलेली. घाईत मुठीसाठी भोक ठेवायला विसरली, म्हणून मूठही आत गेली. मी पूर्ण झाकले गेले. लेबलं दिसेनात म्हणून मी मनात थोडी कुरकुरले.

बँकॉकला विमान बदलून आम्ही ओसाकाला उतरलो. वैदेही वही उघडून काउंटरवर गेली. एकेक बॅग, एकेक चिठ्ठी. माझी पाळी आली तेव्हा काउंटरवरच्या मुलीने मूठ शोधली, ती सापडली नाही, म्हणून तिने प्लॅस्टिकच्या पाकिटातली चिठ्ठी खोळीच्या नाडीलाच पक्की बांधली. वैदेहीने वहीत दहाव्या क्रमांकासमोर बरोबरची खूण केली आणि मुलींची मोजणी करायला पळाली.

आता ऐका. आम्ही दहा जणी भिंतीशी रांगेत उभ्या होतो. श्यामकाका आमच्याजवळ आले. चष्मा कपाळावर. इकडेतिकडे बघत त्यांनी माझ्या खोळीवरून हात फिरवला. नवी कोरी शिवण, एवढी छान चादर, आणि हे लोक फेकाफेकीत फाडून ठेवतील, असं ते पुटपुटले! मग त्यांनी लहान मुलाचा स्वेटर काढावा तशी ती वरून ओढून काढली, उलटीच घडी केली आणि आपल्या खांद्यावरच्या पिशवीत कोंबली. जी खोळ मला जपायला शिवली होती, तिलाच जपायला काका निघाले. चिठ्ठी गेली खोळीबरोबर. मी उघडी. आणि माझ्या पाठीवर पत्ता उरला एकच.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर! मी पोटातल्या लेझिमी वाजवून पाहिल्या. गाडीवर चढवणाऱ्या माणसाने फक्त मला जरा अलगद धरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला एका दारात उतरवलं. दार ओळखीचं होतं. आतली चपलांची मांडणी ओळखीची होती. हे तर कोबे! वसतिगृहाच्या वयस्कर रखवालदारांनी माझ्या पाठीवरचं हेमंतचं नाव वाचलं. मग मला हलवलं. पोटातून छन्न असा आवाज आला, तसे ते दोन पावलं मागे सरले. मग त्यांनी मला जिन्याखाली ठेवून दिलं. मी तिथे बसून तळमळत होते. उद्या दुपारी तीनला कार्यक्रम. आठ नऊवारी माझ्या पोटात, आणि मुली ऐंशी-नव्वद किलोमीटरवर. ज्या चिठ्ठीचा मला एवढा गर्व होता, ती तेव्हा मला पाठीवर इंगळासारखी वाटत होती.

तिकडे ओत्सूला काय झालं, ते मी नंतर घरी ऐकलं, वैदेही आईला सांगत होती तेव्हा. युवा निवासात नऊ बॅगा वेळेवर, ओळीने उभ्या होत्या. वैदेहीने तीनदा मोजल्या. नूपुरने चौथ्यांदा मोजल्या. मी म्हटलंच होतं, एवढंच श्यामकाका बोलले, आणि तेवढं पुरे होतं. वैदेहीने वही मिटली. मी शब्द दिलाय, मी उद्या बाजूला उभी राहीन, असं म्हणून ती खिडकीशी जाऊन बसली. कुरियरच्या कार्यालयात चौकशी केली, तर दहावी बॅग पोचवली असंच उत्तर येत होतं. कुठे, ते नीट सांगेनात.

संध्याकाळी तळ्यावरून गार वारा आला. श्यामकाकांना हुडहुडी भरली. त्यांनी पिशवीतून खोळ काढली आणि शालीसारखी पांघरून ते जेवणघरात आले. चहा घ्यायला वळले, तशा मीनाकाकूंनी हातातला कप खाली ठेवला.

"अहो, तुमच्या पाठीवर हे काय लोंबतंय?"

नूपुरने जवळ जाऊन वाचलं. "क्रमांक दहा. ओत्सू युवा निवास. काका, तुम्ही बरोबर पत्त्यावर आलात."

एक-दोन मुली खुदकन हसल्या. मग हळूहळू सगळ्यांना उमगलं आणि हसणं थांबलं. श्यामकाका चिठ्ठी हातात धरून उभे राहिले. काहीतरी सबब सांगता आली असती. खोळ सैल होती, आपोआप निघाली, असं काहीही. मीनाकाकू फक्त एवढंच म्हणाल्या, "बोला आता."

"चूक माझी आहे," काका म्हणाले. "खोळ फाटू नये म्हणून मी काढली. वैदेहीने सगळं बरोबर केलं होतं, मुलींनो." मग ते खिडकीशी गेले. "उद्या लेझीम तू धरायचीस. बाजूला उभं राहून टाळ्या मी वाजवीन."

वैदेही रागावली असेल असं वाटलं ना? तिला रागवायला वेळच नव्हता. चिठ्ठी इथे, मग बॅगेवर काय उरलं, हे तिच्या डोक्यात लखकन चमकलं. "बाबाचं कोबे!" ती म्हणाली आणि फोन काढला. माझा मागून काढलेला फोटो होताच. त्यातल्या चिठ्ठीवरचा वसतिगृहाचा फोननंबर युवा निवासाच्या बाईंनी लावला. पलीकडून माझे रखवालदार म्हणाले, बॅग आहे, पण ती हेमंत यांची आहे, त्यांनी सांगितल्याशिवाय देणार नाही. आता हेमंत होता बजबजच्या डेपोत आणि तिथे फोन दारावरच जमा करावे लागतात. वैदेहीने वृंदाला फोन केला, वृंदाने डेपोच्या फाटकावर, आणि फाटकावरच्या माणसाने हेमंतला बोलावून आणलं. पाच मिनिटांत हेमंत कोबेशी बोलला. रखवालदारांनी त्याला विचारलं म्हणे, बॅगेत काय आहे, वाजतं फार.

सकाळी पहिल्या गाडीने वैदेही आणि श्यामकाका मला न्यायला आले. तिचा आवाज दारात ऐकला आणि माझ्या जिवात जीव आला. तिने कुलूप उघडलं, नऊवारी मोजल्या, लेझिमी मोजल्या. मग माझी पाठ वळवली आणि कोबेच्या चिठ्ठीला नख लावलं. मी अंग चोरलं. पण मित्रांनो, या वेळी मला वाटलं, ओढ गं बाई, एकदाची ओढ. तिने मात्र उचललेला कोपरा पुन्हा दाबून बसवला आणि घड्याळ बघितलं.

परत येताना गाडीत काकांनी मला दोन पायांच्या मध्ये घट्ट धरून ठेवलं होतं. वैदेही म्हणाली, "काका, थोडी सैल सोडा. ती कुठे पळत नाही." काका म्हणाले, "तिचा काही भरवसा नाही."

तीन वाजता मी रंगमंचाच्या कडेला रिकामी उघडी पडले होते. समोर आठ मुली, सगळ्यांत पुढे वैदेही, आणि तिची लेझीम वर गेली तसा माझ्याच पोटातला तो ओळखीचा आवाज साऱ्या मैदानभर झाला. माझ्या बाजूला श्यामकाका टाळ्या वाजवत होते. ताल चुकत होता, पण ते थांबले नाहीत.

बेहालाला परतल्यावर वैदेहीने माझी सगळी लेबलं ओल्या फडक्याने भिजवून सोडवली. भोपाळचं अर्धं फाटलं. हेमंत दारात उभा राहून बघत होता. तिने ती वाळवली आणि एकेक करून माझ्या झाकणाच्या आत, गुलाबी अस्तरावर चिकटवली. कोबेचीसुद्धा. "बाबा, आपण कुठे कुठे राहिलो ते आपल्यालाच वाचायचंय ना?" ती म्हणाली. "मग आत राहू दे." बाहेरची पाठ तिने कोरी ठेवली.

तर मित्रांनो, घरातली एखादी बॅग आज खाली उतरवा. तिच्या पाठीवरचे जुने पत्ते काढा, पण टाकू नका. खोळ घालाल तर मुठीला भोक ठेवा. चाकांना तेल द्या. आणि मग तिला उगाच रजयांखाली दाबून ठेवू नका हो, कारण समोरच्या पुलावर मेट्रो पुन्हा धडधडत चाललीय आणि माझ्या कोऱ्या पाठीला नव्या पत्त्याची घाई झालीय.