सर्जेरावाच्या खिशातला शिक्का

मी ग्रामपंचायतीचा शिक्का बोलतोय. बोलायची हौस आहे म्हणून नाही. सहा वर्षं दुसऱ्याच्या मर्जीनं कागदांवर आपटत आलो. आता एकदाच काय ते ओकून टाकतो, मग तुम्ही तुमच्या वाटेनं जा.

माझा जन्म १९७३ सालचा, दौंड स्टेशनाजवळच्या एका बोळातला. सागाची मूठ, खाली रबर, रबरावर उलटी अक्षरं. त्या अक्षरांत गावाचं नावही आहे, पण ते मी सांगणार नाही. भांडगावाहून पायी तासाभरावर आहे, एवढं पुरे.

कायद्यानं माझी जागा पंचायतीच्या कपाटात. पण सरपंच सर्जेराव मला सदऱ्याच्या खिशात घालून हिंडायचा. लग्नात मी, दहाव्याला मी, सोसायटीच्या मीटिंगलाही मीच. पॅड वाळला की मला तोंडाशी धरून 'हाः' करायचा. त्या तंबाखूच्या वासानं माझं रबर अजून किळसतं.

त्याची आणखी एक खोड होती. पुण्याला किंवा दौंडला जायचं असलं की आदल्या संध्याकाळी तो दहा कोऱ्या कागदांवर सही ठोकून ठेवायचा आणि खाली मला दाबायचा. वर काय लिहायचं ते ग्रामसेवकानं नंतर बघायचं. शेजारी त्याची बायको सोजरबाई पॅड धरून उभी असायची. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, आणि सोयीचं असल्यामुळं कुणी तोंड उघडत नव्हतं.

१९७९ साली दौंडच्या कोर्टात गरिबांना फुकट वकील मिळवून देणारी समिती बसायला लागली. त्याच सुमारास अंजना आमच्या दारात आली. ती सर्जेरावाच्या पुतण्याची, मच्छिंद्राची बायको. माहेर कवठे येमाईचं. मच्छिंद्रानं काठीनं तिचं मनगट मोडून तिला घराबाहेर काढलं होतं. तिनं पोटगीचा अर्ज टाकला होता. मच्छिंद्रानं चांगला वकील लावलेला, हिच्याकडं कुणीच नाही, आणि तारीख आली होती गुरुवारवर. समिती वकील द्यायला तयार होती. फक्त बाई निराधार असल्याचा सरपंचाचा दाखला हवा होता.

"आबा, मला आधार न्हाई, एवढंच लिवून द्या," ती म्हणाली. हात गळ्यात बांधलेला, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला.

"नवऱ्याला बारा एकर बागाईत, आन् तू निराधार?" सर्जेराव हसला. "घरातलं भांडाण कोरटात न्यायचं न्हाई. मच्छिंद्राच्या पाया पड. घरात घेतोय का बघू."

"जिवं मारंल त्यो मला."

"मारल तवा बघू."

मी त्याच्या छातीला चिकटून होतो. आत काहीसुद्धा हललं नाही. माणसाचं काळीज कागदापेक्षा कोरं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच संध्याकाळी त्यानं नेहमीचे दहा कागद करून ठेवले. सकाळी तो आंघोळीला बसला. सदरा खुंटीवर, खिशात मी. सोजरबाईनं वरचा एक कागद उचलला. बाई चौथी शिकलेली. मोठ्या, वाकड्या अक्षरांत तिनं लिहिलं: 'अंजना हिस नवऱ्याने मारून घराबाहेर काढले. तिला कुणाचाही आधार नाही. हे मला माहीत आहे.' मग कागदाची घडी चुंबळीत खोचली, चुंबळ डोक्यावर, तिच्यावर रिकामा हंडा, आणि निघाली पाण्याला. सहा वर्षं पॅड धरणाऱ्या त्या बाईकडं मी कधी नीट बघितलंही नव्हतं. याची मला लाज वाटते.

तो कागद अंजनाच्या हाती पोचला आणि तिला वकील मिळाला. मच्छिंद्रानं तक्रार केली, दाखला खोटा आहे. समितीनं सर्जेरावाला बोलावलं. टेबलापलीकडं पुण्याहून येणाऱ्या एक वकीलबाई होत्या. त्यांनी कागद पुढं सरकवला.

"सही तुमची?"

"सही माझी. शिक्का बी माझा."

"मग मजकूर कुणाचा?"

त्याच्या घामानं खिसा ओला झाला. कोऱ्या कागदावर सह्या करतो म्हणावं, तर आजवरचा प्रत्येक दाखला उकरला जाणार आणि सरपंचकी जाणार. पुतण्या मागंच बसला होता.

"दाखला मीच दिलाय," सर्जेराव म्हणाला. सहा वर्षांत त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं उपयोगी खोटं. मच्छिंद्र उठून चालता झाला.

घरी आल्यावर त्यानं टोपीही काढली नाही.

"त्ये अक्षार तुझं हाय."

"व्हय," सोजरबाई म्हणाली. "माझंच."

त्या घरात हात काही पहिल्यांदा उठत नव्हता. किती तरी वेळा मी खिशातून ते ऐकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं रहिवासाच्या दाखल्यावर बसलो होतो. या खेपेला त्यानं मलाच फेकून मारलं. माझी मूठ तिच्या भुवईवर बसली. कातडी फाटली, रक्त आलं, आणि मी जमिनीवर पडून ते बघत राहिलो. त्या घटकेला मला चुलीत घातलं असतं तरी चाललं असतं.

तिनं मला उचललं. पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं, भांडगावापर्यंत चालत आली आणि दौंडची एस.टी. धरली.

समितीच्या टेबलाशी कारकुनानं छापील अर्ज पुढं ओढला. "सरपंचाचा दाखला लागेल," तो वर न बघता म्हणाला.

सोजरबाईनं गाठ सोडली आणि मला टेबलावर ठेवलं.

"ह्यो शिक्का घ्या. सही न्हाई मिळायची. सरपंच माझा मालक हाय."

कारकुनाचा हात थांबला. वकीलबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्या भुवईकडं. अर्ज स्वतःकडं ओढून त्यांनी दाखल्याच्या रकान्यावर रेघ मारली आणि म्हणाल्या, "बसा. सांगा."

तेव्हापासून मी इथं ड्रॉवरमध्ये पडून आहे, टाचण्या आणि जुन्या नोटिशांच्या खाली. सर्जेरावानं नवा शिक्का करून घेतला असेल. तो आता त्याच्या खिशात 'हाः' सोसत असेल, सोसू दे.

तुमच्याबद्दलही माझं मत काही चांगलं नाही, तरी टेबलामागं बसणाऱ्यांनो, एवढं ऐका. रेघ एकाच अर्जावर मारली गेली. छापील नमुना होता तसाच आहे. काल कवठ्याकडची एक बाई आली होती, तिचा दीरच सरपंच. तिला तुम्ही दाखला आणायला परत पाठवलंत. ती अजून आलेली नाही.