रबरी हातमोजे

खारघरात अजून इमारती उभ्या राहायच्या होत्या, तेव्हाची गोष्ट. कामोठ्याच्या गोजराबाईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, की कोलंबी सोलायच्या शेडमधला मुकादम हौसेरावसुद्धा काढता पाय घेई. त्या तोंडाने तिने वर्षभर एकच मागणं लावून धरलं होतं, पोरींना हातमोजे द्या.

गोजरासारख्या गावच्या बायका काम संपलं की संध्याकाळी घरी जात. मराठवाड्यातून आणलेल्या पोरी मात्र शेडमागच्या खोलीत राहत, आणि त्या खोलीला बाहेरून कुलूप असे. त्यांतल्या संघप्रियाची बोटं बर्फाने आणि कोलंबीच्या काट्यांनी पार सडली होती. डॉक्टरकडे न्या म्हटलं, की हौसेराव म्हणे, "आधी सीझन संपू दे." शेवटी गोजरा सरकारी साहेबांना गाठून आली.

"सायेब, येकदा येऊन तिचे हात बगा. बास."

येतो म्हणाले आणि आले नाहीत. साहेबांचं येतो म्हणणं आपल्याला काय नवीन आहे!

एका सकाळी हौसेरावने चक्क हातमोजे वाटले. आपल्या शिव्या कामी आल्या, असं गोजराला वाटलं. संघप्रियाच्या बोटांवर तिनेच ते हलक्या हाताने चढवले.

"मावशे, आज झोंबत न्हाई बगा," पोरगी हसली.

थोड्या वेळाने साहेब आले. हातमोजे पाहून त्यांनी समाधानाने मान हलवली, तेव्हा कुठे गोजराच्या डोक्यात प्रकाश पडला.

"सायेब, हीच ती पोर! काढ गं मोजे, दाव हात! सायेब तुना डाक्टरकडं नेतील, घरा धाडतील."

संघप्रियाने हात पाठीमागे घेतले. "मला काय बी झालं न्हाई, सायब."

साहेब पुढे सरकले, चहा प्यायले, गेले. एका पोरीचा मोजा काढून बघायला त्यांचं काय जात होतं?

"असा का केलास गो?" गोजरा रडकुंडीला आली.

"मुकादम म्हनला, सायबाम्होरं जी मोजे काढंल तिला परत मिळायचे न्हाईत. लई दिसांनी बोटं गप हायेत, मावशे."

यावर तिला रागवायचं तरी कसं? तेवढ्यात हौसेराव रिकामी टोपली घेऊन आला.

"चला, मोजे टाका यात. सगळ्यांचे."

मोजे आतून बोटांना चिकटले होते. गोजराने चढवले होते तसेच हलक्या हाताने काढलेही, तरी पोरगी कळवळली. वर्षभर तोंड चालवणाऱ्या बाईला त्या दिवशी एक शिवी आठवली नाही.

संघप्रियाने उघडे हात परत बर्फात घातले.