अंधाऱ्या पाखातला बांबू

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. माझ्या मुठीला सुतळीनं बांधलेल्या चिठ्ठीवर ‘चोरीचे हत्यार’ हे शब्द तुमच्याच अक्षरात आहेत.

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे, म्हसळ्याकडच्या गोदूबाई बुरडिणीचा. बैलगाडीच्या चाकाची मोडकी लोखंडी धाव ठोकून लोहारानं मला घडवलं. आधी गोदूबाईच्या सासऱ्यानं मला वापरलं, मग तिनं. मी बांबू उभा चिरायचो, ती कांब्या तासून टोपल्या विणायची. मुरूडची नीराबाई कोळीण मासळीची टोपली तिच्याकडूनच न्यायची. म्हणायची, “गोदू, तुजी टोपली माज्या नवऱ्यापरीस टिकाऊ हाय!”

कारण एकच. बांबू तोडायचा तो अंधाऱ्या पाखात, अवसेच्या आगंमागं. चांदण्या पाखातल्या बांबूला भुंगा लागतो. बुरडाच्या घरी हे कुणी शिकवत नाही, ठाऊकच असतं.

एकोणीसशे तिसाच्या सुमारास, साहेब, तुम्ही जंगलखात्याचे अधिकारी म्हणून आलात. तोडीचा परवाना पौर्णिमेच्या आठवड्यापुरताच देऊ लागलात, कारण तेवढेच दिवस तुमचा मुक्काम डोंगरातल्या बंगल्यावर. गोदूबाईनं विनवलं, तर हसलात. “भुंगा पंचांग बघतो काय गं?”

“व्हय साहेब. तुमीच बघत न्हाय.”

बोलली खरी, पण भ्याली. त्या साली तिनं परवान्याप्रमाणं बांबू तोडला. तोडणारा मीच होतो, त्याची लाज मलाही आहे. दोन महिन्यांत टोपल्यांतून पिवळं पीठ गळू लागलं. भरबाजारात नीराबाईच्या डोक्यावरच टोपलीचं बूड निसटलं, बांगडे चिखलात. तिनं उरलेलं कडं गोदूबाईच्या अंगणात आणून फेकलं. “ह्ये घाल तुज्या गल्यात! पुन्यांदा तुज्या दारी येनार न्हाय.”

पुढच्या अवसेला भर दुपारी, न लपता, गोदूबाई मला घेऊन बांबूच्या बेटात शिरली. परवाना कनवटीला होता, दिवस तेवढा त्यावरच्या तारखांतला नव्हता. तुमच्या शिपायानं मला हिसकावलं.

तेव्हापासून मी कचेरीच्या कपाटात गंजतोय. ती उसना कोयता आणते, पण हात बसत नाही. मित्रांनो, हत्यार गंजतं तेव्हा हातातली विद्याही गंजत जाते. दोन्ही जपा.

मला परत मागायला गोदूबाईनं शाळेच्या मास्तरांकडून अर्ज लिहून आणला. साहेब, तुम्ही तो न वाचता चुरगळून टेबलाखालच्या टोपलीत टाकलात. ती टोपली कुणाची, माहीत आहे? तिच्या सासऱ्यानं विणलेली. वीस वर्षांत एक कांबी हललेली नाही. वाका जरा, अर्ज बाहेर काढा, आणि कचेरीच्या पायरीवर वाट बघत बसलेल्या गोदूबाईला तोंडावर सांगा: तिचा कोयता कधी देता?