मागच्या दारचं जेवण

चीजची तार तुटेना म्हणून त्या माणसानं काटा वर नेला, आणखी वर नेला, आणि नेमकं तेव्हाच सुनेनं मागचं दार ढकललं.

कारखान्यातली वीज सकाळीच गेली होती. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या चाळीस बायका दोन तास हातावर हात ठेवून बसल्या, शेवटी सुपरवायझरबाईंनी सगळ्यांना घरी पिटाळलं. भरदुपारची अशी सुट्टी वर्षातून एखाद्या वेळीच मिळायची. आज सासूबाईंना ओट्यापाशी फिरकू द्यायचं नाही, पाय पसरून दोघींनी नुसत्या गप्पा हाणायच्या, असा बेत करत ती आली होती.

सासूबाई ओट्यापाशीच होत्या, हातात कालथा. आणि टेबलाशी, पँटला गुडघ्यापर्यंत माती लागलेला हा माणूस. बागेला ठेवलाय तो हाच, हे तिनं ओळखलं. आठवड्यातून दोनदा येतो, कामाला वाघ आहे, असं सासूबाई गेले सहा महिने सांगत होत्या. वांगी कधी नव्हे इतकी लागली होती, टोमॅटो शेजारीपाजारी वाटूनही उरत होते. पण तो यायचा ती कामावर असताना आणि जायचा ती परतायच्या आत. गाठ कधी पडलीच नव्हती.

माणसानं मान वळवली.

तिच्या हातातली पिशवी सुटली. आतला डबा फरशीवर आपटला आणि गडगडत टेबलाखाली गेला. तो उचलायला कुणीच वाकलं नाही.

हा चेहरा तिनं दोन वर्षं पाहिला होता. दर तारखेला, कोर्टाच्या त्याच खोलीत, त्याच लाकडी कठड्यामागे. तेव्हा केस काळे होते, गालावर मांस होतं. तिचा नवरा पहाटे रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी येत होता, आणि त्याला मागून उडवणारा टेम्पो हा माणूस चालवत होता.

त्यानंही तिला ओळखलं. घास तोंडातच राहिला. तो उठताना खुर्ची मागे कलंडली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, पुढच्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. त्या दारापलीकडे तो कधी गेला नव्हता. तिथल्या भिंतीवरचा तिच्या नवऱ्याचा फोटो त्यानं पाहिला नव्हता.

"मला माहीत नव्हतं," तो कसाबसा म्हणाला. "आईशप्पथ, ताई. हे घर कुणाचं, मला खरंच माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं," सासूबाई म्हणाल्या. "खाली बस. गार होईल."

सुनेच्या कानात कारखान्यातली सगळी मशीनं एकदम सुरू झाली.

"आई, हा कोण आहे कळतंय का तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी फाटकापाशी यानं नाव सांगितलं. कोर्टाच्या कागदावर वाचलेलं नाव मी विसरेन होय?"

"आणि घरात घेतलंत? जेवायला घालताय? आणि तेही हे?"

तिनं बोट दाखवलं त्या पसरट भांड्यात वांग्याच्या, टोमॅटोच्या, कोवळ्या दुधीच्या चकत्यांचे थर होते, मधे परतलेला कांदा, थोडं दूध, आणि वर किसलेलं चीज वितळून कडेनं तांबूस झालेलं. त्यात करायचं असं काही नसे. चिरायचं, रचायचं, झाकण ठेवून बारीक गॅसवर विसरून जायचं, असं सासूबाई म्हणत. पण कोर्टाची तारीख आटपून ती घरी यायची, चप्पल काढायचंही त्राण नसायचं, तेव्हा काही न विचारता सासूबाई हेच पुढ्यात ठेवायच्या. पहिल्या दोन घासांना रडू यायचं, तिसऱ्याला भूक लागायची. ते तिचं होतं. तिच्या एकटीचं.

"तूच सांगितलं होतंस ना," सासूबाई म्हणाल्या.

"मी? काय सांगितलं?"

"यानं टेम्पो थांबवला, खाली उतरला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसला." त्यांनी गॅस बंद केला. "म्हणजे माझ्या मुलाचे शेवटचे शब्द या एकाच माणसाजवळ आहेत. कोर्टात ते कुणी विचारले नाहीत. मला विचारायचे होते. दर खेपेला ठरवते, आज विचारीन. मग हा हात धुऊन बसतो, भुकेला असतो, आणि माझा धीर होत नाही."

सुनेनं दाराची चौकट धरली.

टेम्पो थांबला नव्हता. कोर्टात सगळं वाचून दाखवलं होतं. हा माणूस दोन तासांनी, वीस मैलांवरच्या पेट्रोलपंपावर सापडला. तिचा नवरा रस्त्याच्या कडेला पाऊण तास पडून होता. सकाळचं दूध घालणाऱ्याला दिसला तेव्हा सगळं संपलं होतं. घरी आल्यावर सासूबाईंनी तिला एकच विचारलं होतं, "एकटा होता का गं?" आणि ती नाही म्हणाली होती. एकदा नाही म्हटल्यावर मांडी आली, हात आले, बाकीचं आपोआप येत गेलं.

सासूबाईंनी फडक्याला हात पुसले. पडलेली खुर्ची स्वतः उचलून सरळ केली आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"आता हीपण आहे. आज विचारतेच. सांग बाबा, शेवटी काय म्हणाला माझा मुलगा?"

माणसानं सुनेकडे पाहिलं. गाडी थांबवली होती का, असं कोर्टात विचारल्यावर त्यानं असंच तिच्याकडे पाहिलं होतं आणि "नाही" म्हणाला होता. त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला होता. आताही तेवढाच एक शब्द पुरला असता. तिनं नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

तिनं मान हलवली नाही.

तो सावकाश बसला.

"पाणी मागितलं," तो म्हणाला.

"होतं का जवळ?"

"होतं. बाटली होती गाडीत. दोन घोट घेतले त्यांनी."

सासूबाईंनी श्वास सोडला. "मग?"

"म्हणाले..." त्यानं टेबलावरचा काटा उचलला, परत ठेवला. "म्हणाले, आईला एकदम सांगू नका. ती घाबरते."

"घाबरते मी," सासूबाई म्हणाल्या. "खरंच घाबरते रे. दुखत होतं का त्याला?"

"नाही आजी. दुखत नव्हतं."

सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या मान डोलवत होत्या, वर्षानुवर्षं वाट पाहिलेलं पत्र कुणी वाचून दाखवावं तशा. सुनेला माहीत होतं, त्यातला एकही शब्द खरा नव्हता. बस झालं, असं ती म्हणणार होती. ती टेबलापर्यंत आली, त्यासाठी तिनं तोंडही उघडलं.

"आणि माझं?" तिनं विचारलं. "माझं काही म्हणाले का?"